बढती कुठे अडते ते वहीत उतरवा

"तुझ्याशिवाय क्लोजिंग होत नाही गं," हे वाक्य मी ऐरोलीच्या एका ऑफिसात सलग सात वर्षं ऐकलं आणि दर वेळी मला बरं वाटलं. क्लोजिंग म्हणजे सरलेल्या महिन्याचे हिशेब बंद करणं. त्यासाठी महिन्याचे पहिले सहा दिवस घरी पोचायला रात्रीचे दहा वाजायचे. ठाण्याला उतरून घोडबंदरच्या बससाठी रांगेत उभी असताना पाय भरून यायचे, तरी आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं याचं समाधान असायचं. त्या सात वर्षांत माझ्यानंतर लागलेले तिघे माझ्या वरच्या ग्रेडला गेले. मी सीनियर एक्झिक्युटिव्हच राहिले.

कोणी माझ्याशी वाईट वागलं नव्हतं. त्यामुळे दोष असलाच तर तो माझ्यातच, असं मी धरून चालले. माझं इंग्रजी कच्चं, मला वरच्यांत मिसळता येत नाही, मी फार घरकोंबडी. पुढे दुसऱ्या कंपनीत मॅनेजर झाले, बढत्या जिथे ठरतात त्या बैठकीत बसायची वेळ आली, तेव्हा उलगडा झाला. जिच्याशिवाय काम अडतं तिला तिचा साहेब जागेवरून हलू देत नाही, आणि बहुतेकदा हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. माझं नाव सात वर्षांत एकदाही यादीत गेलं नसणार. यादीतच नाही म्हटल्यावर नकारही कधी आला नाही, आणि नकार आला नाही म्हणून अडतंय कुठे हेही कळलं नाही.

हे लिहितेय ते माइंडस्पेस, महापे, वागळे इस्टेट, बेलापूर इथल्या ऑफिसांत आणि रबाळे-तुर्भ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी. बायकांसाठी जास्त, कारण त्यांच्या वाटेत हे अडथळे जास्त. पण मराठी माध्यमातून आलेला, डिप्लोमा केलेला, बदलापूर-टिटवाळ्याहून दोन गाड्या बदलून येणारा पुरुषही याच दारात अडलेला मी पाहिला आहे. माझी पद्धत साधी आहे: एक वही घ्या आणि अडथळा कागदावर आणा. मनात असतो तोवर तो आपल्या स्वभावाचा दोष वाटत राहतो.

पायरी १: आधी शंका खरी आहे का ते पाहा

वहीच्या पहिल्या पानावर गेल्या तीन वर्षांत तुमच्या ग्रेडमधून वर गेलेल्यांची नावं लिहा. आठ-दहा पुरेत. प्रत्येकासमोर पाच गोष्टी: किती वर्षांनी गेले, शिक्षण काय, त्याआधी कोणत्या कामावर होते, कोणाच्या हाताखाली होते, ऑफिसपासून किती लांब राहतात. पगाराची चौकशी करू नका, तिची गरज नाही. हे पाचही रकाने जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून भरता येतात.

मग पान समोर धरून शांतपणे बघा. माझा मावसभाऊ रबाळ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, डिप्लोमावाला. बारा वर्षं मशीनवर काढलेली. त्याच्या पानावर नऊ नावं आली आणि नऊच्या नऊ बी.ई. निघाले. त्यातल्या तिघांना काम त्यानेच शिकवलं होतं. 'डिप्लोमावाल्यांना इथे वर घेत नाहीत' हे शॉप फ्लोअरवर सगळे म्हणायचे, पण तसा नियम कोणी वाचला नव्हता. त्याने एचआरला दोन ओळींची मेल टाकली: पुढच्या ग्रेडसाठी शिक्षणाची अट काय आहे, आणि नोकरी करत घेतलेली पदवी धरली जाते का? उत्तर आलं की पदवी, किंवा डिप्लोमा अधिक दहा वर्षांचा अनुभव. ती ओळ धोरणात आधीपासून होती. फॉर्म भरताना तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच्या साहेबांनी तीच ओळ लिहून नाव पाठवलं, पहिल्यांदा परत आलं, दुसऱ्या वर्षी झालं. संध्याकाळच्या महागड्या पदवीला पैसे भरण्याआधी ही मेल टाकाच. जी पदवी कंपनी धरतच नाही तिच्यासाठी तीन-चार वर्षांचे शनिवार-रविवार घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

आता दुसरी बाजू, कारण तीही लिहायलाच हवी. मी माझं पान भरलं तेव्हा माझ्यानंतर लागून वर गेलेल्या त्या तिघांपैकी दोघांनी एसएपीच्या (कंपनीचे हिशेब ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरच्या) बदलाच्या प्रोजेक्टवर काम केलेलं निघालं. मी केलं नव्हतं. म्हणजे अर्धी गोष्ट अडथळ्याची होती आणि अर्धी माझ्या तयारीची. त्या प्रोजेक्टवर मला का घेतलं नाही, हा मात्र पुढचा प्रश्न. 'क्लोजिंग कोण बघणार?' म्हणून.

पायरी २: अडथळ्याला नाव द्या

'काचेचं छत' हा शब्द अमेरिकी व्यवस्थापन सल्लागार मॅरिलिन लोडन यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका चर्चेत वापरला. वरचं दिसतं, पण जाता येत नाही. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या बहुतेक जणी त्या छतापर्यंत पोचतच नाहीत. त्या खाली, एक्झिक्युटिव्ह ते असिस्टंट मॅनेजर या पहिल्याच पायरीवर थांबतात. त्यामुळे संचालक मंडळातल्या बायकांच्या बातम्या वाचून आपला प्रश्न सुटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या मंडळावर किमान एक महिला संचालक सक्तीची केली ते चांगलंच झालं, पण ती खुर्ची आपल्या मजल्यापासून फार वर आहे.

सगळ्यांत फसवा अडथळा म्हणजे सगळ्यांना सारखा दिसणारा नियम. हे समजून घ्यायला सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांचा खटला मला सर्वांत उपयोगी पडला. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पर्मनंट कमिशनसाठी (म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी) पात्र ठरवलं. मग निवडीचे निकष लागले, आणि कागदावर ते स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच होते. तरी अनेक जणी बाहेर राहिल्या. २५ मार्च २०२१ च्या लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने त्या निकषांच्या पोटात शिरून पाहिलं. पुरुष अधिकाऱ्यांची शारीरिक तंदुरुस्ती सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी पाहिली जात होती. या बायकांना तोच निकष चाळिशी-पन्नाशीत लावला गेला, कारण त्यांचा विचारच इतक्या उशिरा झाला होता. आणि त्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल? यांना पर्मनंट कमिशन मिळायचंच नाही, असं धरून वर्षानुवर्षं ते वरवर भरले गेले होते. तेच अहवाल आता त्यांच्या विरोधात मोजले गेले. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

तो अहवालांचा भाग मी दोनदा वाचला. 'हिला काय, पुढे जायचंच नाही' असं धरून भरलेला अप्रेझलचा (वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाचा) फॉर्म मी ऑफिसातही पाहिला आहे. तीन ओळी, 'मेहनती, वक्तशीर, सहकार्य करणारी'. पुढच्या साहेबाच्या हातात पडतात त्या याच तीन ओळी.

तुमच्या ऑफिसातले नियम वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे विचारा, हा कोणाला परवडतो? 'लीड व्हायचं तर रात्री नऊचा क्लायंट कॉल घ्यावा लागतो.' 'ऑनसाइट (परदेशी क्लायंटकडे) जाऊन आलेल्यांचाच विचार होतो.' 'शनिवारी प्लांटला येणारेच सिन्सियर.' यातला कोणता नियम कामासाठी खरोखर लागतो आणि कोणता नुसता चालत आलाय, हे वेगळं करा. पुढचं सगळं बोलणं या दुसऱ्या प्रकाराबद्दल करायचं आहे.

पायरी ३: दर शुक्रवारी पंधरा मिनिटं

परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर गाडीत, नाहीतर घरी. एका आठवड्याला एक पान. त्यात तीनच गोष्टी: काय केलं, त्याने काय बदललं, कोणी पाहिलं.

दुसरा रकाना भरताना घाम फुटतो. माझ्या टीममधल्या कळव्याच्या एका मुलीने पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'व्हेंडर रिकन्सिलिएशन केलं.' म्हणजे पुरवठादारांची बिलं आपल्या हिशेबाशी जुळवून पाहिली. मी विचारलं, केलं नसतंस तर काय झालं असतं? ती म्हणाली, "दोन बिलं डबल गेली असती मॅडम, एक तर गेलंच होतं, मी फोन करून थांबवलं." मग हे लिही ना! तिचं वाक्य असं झालं: 'रिकन्सिलिएशनमध्ये दोन दुहेरी बिलं सापडली, एकाचं पेमेंट बँकेत थांबवलं, व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) तपासणी घातल्यावर पुढच्या तीन महिन्यांत एकही दुहेरी बिल नाही.' काम तेच. पण पहिलं वाक्य कोणत्याही कारकुनाचं आहे आणि दुसरं वाचून वाटतं की या मुलीला आणखी मोठं काम देऊन बघावं.

तिसरा रकाना, कोणी पाहिलं, बहुतेकांचा रिकामा राहतो. चार आठवडे सलग रिकामा राहिला तर तोच तुमचा अडथळा. काम होतंय, पण ते तुमच्या साहेबाच्या पलीकडे जात नाही.

एक सावधगिरी. वहीत फक्त स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवा. कंपनीच्या फाइल्स, क्लायंटचे आकडे, इतरांच्या मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. उद्या वाद झालाच तर तीच गोष्ट तुमच्यावर उलटते.

पायरी ४: कोणाच्याच खात्यात न जाणारी कामं मोजा

नवरात्रीच्या नऊ रंगांची यादी तुमच्या ऑफिसात कोण फिरवतं? दिवाळीच्या रांगोळीचं सामान कोण आणतं, वाढदिवसाच्या केकची वर्गणी कोण गोळा करतं, नव्या मुलाला आयडी कार्डापासून कँटीनपर्यंत कोण फिरवतं, मीटिंगची मिनिट्स कोण लिहितं? यातलं काहीच वाईट नाही. मला स्वतःला रांगोळी घालायला आवडते. पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही आणि यात जाणारे तास खरे असतात. एका ऑक्टोबरमध्ये मी ते मोजले. सणांची आणि मिनिट्सची मिळून अकरा तास भरली. त्याच महिन्यात बजेटच्या प्रेझेंटेशनला 'वेळ नाही' म्हणून मी नाही म्हटलं होतं.

नकार देऊ नका, पाळी लावा. नकार दिला की 'हिचा स्वभाव बदलला' हे दुसऱ्या दिवशी ऐकू येतं. त्याऐवजी टीमच्या ग्रुपवर सरळ लिहा: 'या वेळची मिनिट्स मी लिहिली, पुढच्या वेळी अमुक घेतील का? नावाच्या क्रमाने पाळी लावूया.' बहुतेक माणसं हो म्हणतात, कारण त्यांना हे काम आपोआप होतं असंच वाटत होतं. साहेबांना आधी सांगून ठेवलंत तर आणखी सोपं जातं.

क्लोजिंगसारख्या 'तुझ्याशिवाय अडतं' कामाचंही असंच करा. ते दुसऱ्याला शिकवा, पायरीवार लिहून काढा आणि एखाद्या महिन्यात मुद्दाम त्याच दिवसांत रजा घ्या. मी तीन दिवस रत्नागिरीला गेले होते. भीती खूप वाटली. क्लोजिंग एक दिवस उशिरा झालं आणि झालं. परत आल्यावर मला पहिल्यांदा दुसऱ्या कामाबद्दल विचारणा झाली.

पायरी ५: निर्णय होतो ती खोली

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत बढती एकटा साहेब देत नाही. सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, पडद्यावर नावांचा तक्ता असतो, एचआरची व्यक्ती चालवते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी पहिल्यांदा बसले तेव्हा एका दुपारी चाळीसच्या वर नावं होती. एका नावाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. साहेब दोन वाक्यं बोलतात, मग बाकीच्यांपैकी कोणीतरी 'हो, मी पाहिलंय याचं काम' म्हणतं किंवा म्हणत नाही. त्या दुसऱ्या आवाजावर खूप काही ठरतं. एका मुलीचं नाव आलं, तिचा साहेब म्हणाला, "चांगली आहे, पण अजून थोडी तयार व्हायला हवी." टेबलाभोवती कोणी तिला ओळखतच नव्हतं. नाव पुढच्या वर्षावर गेलं. दीड मिनिट लागलं असेल. ती मुलगी त्या वेळी खाली आमच्यासाठीच चहा-बिस्किटं वर पाठवायला सांगत होती.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी लागतात. एक, साहेबाच्या तोंडात द्यायला दोन तयार वाक्यं. ती तुमच्या वहीत आहेत. दुसरी, तुमच्या साहेबाखेरीज त्या खोलीत बसणारा एक तरी माणूस, ज्याने तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय. मार्गदर्शक वेगळा आणि हा वेगळा. मार्गदर्शक चहा पाजून सल्ला देतो. हा माणूस आपण नसताना आपलं नाव घेतो.

तो मिळतो कसा? ओळख वाढवून नाही मिळत, काम करून मिळतो. दुसऱ्या विभागाला लागणारं एखादं छोटं काम हाती घ्या, ज्याचा निकाल दोन महिन्यांत दिसेल. ऑडिटच्या वेळी खरेदी विभागाला लागणारी माहिती, क्वालिटीवाल्यांना हवा असलेला रिपोर्ट, असं काही. काम झालं की त्या विभागाच्या प्रमुखाला स्वतः दाखवायला जा, मेलवर ढकलू नका. मग सहा महिन्यांनी त्याला थेट सांगा: "सर, मी पुढच्या वर्षी असिस्टंट मॅनेजरसाठी प्रयत्न करतेय. तुम्ही पाहिलेल्या कामाबद्दल तिथे सांगाल का?" असं तोंडावर मागताना आपल्याकडे संकोच वाटतो, आपल्याला तसं वाढवलेलंच नाही. पण मागितल्याने अपमान झालेला मी अजून पाहिला नाही. फार तर समोरचा म्हणतो, 'बघू.'

आणि तुम्ही स्वतः त्या खोलीत बसत असाल, तर 'अजून तयार नाही' हे ऐकलं की विचारा, कशासाठी तयार नाही? नेमकं एक काम सांगा. मी हे विचारायला लागल्यापासून काही नावं पुढच्या वर्षावर न जाता त्याच वर्षी झाली आहेत, कारण बोलणाऱ्याकडे उत्तर नव्हतं.

पायरी ६: साहेबांशी बोलणं, आणि ते कधी

एप्रिलमध्ये पत्र हातात आल्यावर रडून किंवा भांडून उपयोग नाही. एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत नावं बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत पुढे जातात. त्यामुळे बोलायची वेळ दिवाळीनंतरची. साधारण नोव्हेंबर. जानेवारी ते डिसेंबर वर्ष असेल तर गणपतीच्या आसपास.

वेळ मागून घ्या, चालता चालता बोलू नका. कारखान्यात 'साहेब' म्हणत असाल तर साहेब म्हणा, आयटीत नावाने हाक मारत असाल तर नावाने. मुद्दा पहिल्या वाक्यात: "मला पुढच्या ग्रेडला जायचंय आणि या वर्षी माझं नाव जावं असं मला वाटतं." 'माझ्याकडे पण जरा बघा' असं आडून बोललेलं समोरच्याला पगारवाढीचं वाटतं आणि तो दोन टक्के वाढवून मोकळा होतो. मग वहीतली तीन वाक्यं सांगा. मग तीन प्रश्न विचारा: त्या ग्रेडवर आजच्यापेक्षा वेगळं काय करावं लागतं? त्यातलं माझ्यात काय नाही? ते मी कोणत्या कामातून दाखवू, आणि कधीपर्यंत?

उत्तर बहुतेकदा गुळमुळीत येतं. "अजून थोडी मॅच्युरिटी हवी." "जरा प्रेझेन्स वाढव." याच्यावर गप्प बसून घरी आलात तर वर्ष गेलं. शांतपणे म्हणा, "सर, एखादा प्रसंग सांगाल का जिथे तुम्हाला ती कमी वाटली?" प्रसंग सांगितला तर सोनं हाती लागलं, त्यावर काम करता येतं. प्रसंग आठवत नसेल तर तेही दोघांना कळतं, आणि तिथून बोलणं बदलतं.

त्याच संध्याकाळी छोटी मेल: 'आज वेळ दिलात, आभार. आपण बोललो त्याप्रमाणे मी डिसेंबरअखेरपर्यंत अमुक आणि तमुक करेन, त्यानंतर माझं नाव विचारात घ्याल असं आपण म्हणालात. काही चुकलं असेल तर सांगा.' तक्रारीचा सूर नको. साहेब बदलले, आणि आमच्या भागात साहेब दर दीड-दोन वर्षांनी बदलतातच, की नवीन साहेबाला दाखवायला ही मेलच कामी येते.

पायरी ७: मीटिंगमधलं इंग्रजी

मी ठाण्यातल्या मराठी शाळेत शिकले. कॉलवर मला उत्तर माहीत असायचं, वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग दुसरा कोणीतरी तेच बोलायचा आणि सगळे मान डोलवायचे. व्याकरणाचे क्लास मी दोनदा लावले. त्यांचा उपयोग कमी झाला, दुसऱ्या तीन गोष्टींचा जास्त.

अजेंडा आदल्या दिवशी मागायचा आणि आपल्या मुद्द्याचं पहिलं वाक्य लिहून न्यायचं. फक्त पहिलं, कारण पुढची आपोआप येतात. बोलायचं ते पहिल्या दहा मिनिटांत, मग विषय साधा का असेना. उशीर होत जातो तसा घसा आवळत जातो. आणि वाक्यं आखूड ठेवायची: 'नंबर इज राँग. करेक्ट नंबर इज धिस. रीझन इज फ्रेट.' एवढ्यावर माझं काम झालंय. आकडा बरोबर असेल तर लोक थांबून ऐकतात. कोणी मध्येच तोडलं तर 'वन मिनिट, आय विल फिनिश' एवढं पाठच करून ठेवा. आपला मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जात असेल, तर शेजारच्या सहकाऱ्याशी आधीच ठरवून ठेवा की तो म्हणेल, 'हे मघाशी हिनेच सांगितलं होतं.' तुम्हीही त्याच्यासाठी तसंच करा.

पायरी ८: सातनंतरचं ऑफिस, आणि बाळंतपण

अर्थशास्त्रातलं २०२३ चं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर मोठी होते, आणि जी कामं वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला जास्त मोल देतात तिथे ती रुंदावते, हे त्यांनी दाखवलं. आमच्याकडे याचं रोजचं रूप म्हणजे सात वाजता सुरू होणारं दुसरं ऑफिस: खाली टपरीवरचा चहा, वाशीतली पार्टी, साहेबांच्या गाडीतून ठाण्यापर्यंतची सोबत. जिच्या मुलाचं पाळणाघर सातला बंद होतं ती बाई किंवा कसाऱ्याची गाडी पकडणारा माणूस तिथे नसतो. प्रोजेक्टची खबर मात्र आधी तिथेच लागते.

त्या टपरीवर जायलाच हवं असं नाही. खबर ज्याच्याकडे येते त्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा जेवा. आणि संध्याकाळी सहाची मीटिंग चारला घेता येईल का, असं कारण न देता विचारा. 'मुलाला आणायचंय' हे कारण खरं असलं तरी ते लोकांच्या लक्षात राहतं, वेळ बदलल्याचं राहत नाही.

बाळंतपणाच्या रजेआधी मात्र सगळं लेखी हवं. पहिल्या दोन मुलांसाठी पात्र स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. पण काम काढून घेणं हे अटींत दिसत नाही. म्हणून रजेवर जाण्याआधी तीन मेल करा: या वर्षातल्या हजर महिन्यांचं रेटिंग कसं धरणार, परत आल्यावर माझ्याकडे कोणतं काम असेल, आणि हस्तांतराची यादी. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ही दुसरी मेल उघडून साहेबांसमोर बसा. 'आत्ताच आलीयस, जरा हलकं काम घे' हे प्रेमाने म्हटलं जातं. प्रेमाने म्हटलेलं हलकं काम वर्षभर हलकंच राहतं.

पायरी ९: एवढं करूनही दार उघडलं नाही तर

आधी हक्काचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रीशी भेदभाव करता येणार नाही असं म्हटलं आहे. रात्री साडेनऊनंतर काम करायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्थाही लागते. बढतीचं आमिष दाखवून जवळीक मागणं किंवा नकार दिला म्हणून करिअर अडवण्याची धमकी देणं हे २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली येतं. धमकी उघड नसून सूचक असली तरीही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. छोट्या ऑफिसात किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. इथे आपल्या भागात एक घोळ होतो: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर-पनवेल रायगडमध्ये. तुमचं घर कुठे ते पाहू नका, कामाची जागा कुठे ते पाहा.

बाकीच्या बाबतीत मी स्वतःला दोन अप्रेझलची मुदत घालते आणि इतरांनाही तेच सांगते. पहिल्या वर्षी नाव जायला हवं, दुसऱ्या वर्षी व्हायला हवं. दोन्ही वेळा नेमका प्रसंग न सांगता टाळलं गेलं, तर आधी त्याच कंपनीत दुसरा विभाग बघा. आतल्या बदलीत तुमची वर्षं आणि तुमची ओळख दोन्ही राहतात. साहेब सोडत नसेल तर एचआरकडे आतल्या बदलीचं लेखी धोरण मागा. किती महिन्यांत सोडावंच लागतं ते बऱ्याच ठिकाणी त्यात लिहिलेलं असतं.

आणि बाहेर पडायचं ठरलं तर नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड धरून हिशेब करा, बोनसची तारीख पाहून राजीनामा द्या. नव्या ऑफर लेटरमध्ये पदनामाला भुलू नका. 'असिस्टंट मॅनेजर' एका कंपनीत टीम चालवतो, दुसरीत एकटाच एक्सेल भरतो. ग्रेड कोणती, हाताखाली माणसं किती, पुढच्या ग्रेडसाठी अट काय, हे तिन्ही सही करण्याआधी मेलवर विचारा. मी विचारलं तेव्हा समोरच्या एचआरच्या मुलीने दोन दिवस घेतले आणि मग ग्रेड एकने वाढवून नवं पत्र पाठवलं. नुसतं विचारलं होतं.